नाव ठेवा, नावं ठेवू नका

आमच्या घरात एक कुत्रा आहे आणि त्याच्या नावाचा एक सरकारी कागदही आहे. कुत्रा आम्ही येईल त्याला दाखवतो. कागद कुणालाच दाखवत नाही.

जानेवारी संपत आला होता. द्वारकेत त्या दिवसांत धुकं इतकं पडतं की समोरच्या ब्लॉकमधली माणसं फक्त खोकल्यावरून ओळखावी लागतात. सकाळी गाडी चालू केली तर खालून कुईकुई आवाज आला. मला वाटलं, फॅनबेल्ट गेला. मी जाणकारासारखं बॉनेट उघडून आत बघत राहिलो. मुलगी खाली वाकली आणि म्हणाली, "बाबा, फॅनबेल्टला शेपूट आहे."

तांबूस रंग, पुढचा उजवा पाय तेवढा पांढरा, जणू थंडीमुळे एकच मोजा मिळाला होता. आई बाकीची पिल्लं घेऊन कुठेतरी निघून गेली होती आणि मोजणीत हा राहिला होता. मी त्याला माझ्या माकडटोपीत घेतलं. गार्डने टोपी उलटी करून तपासणी केली आणि हात पुढे केला. "बधाई हो सर जी, लड़का हुआ है!" मी शंभराची नोट दिली. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या आयाने याहून कमी मागितले होते.

लिफ्टमध्ये पहिला प्रश्न आला, "नाम क्या रखा?" आम्ही सातव्या मजल्यावर राहतो. सात मजले हा प्रश्न पुरतो. मी म्हणालो, "सोच रहे हैं." त्यानंतर दीड महिना मी तेच म्हणत होतो.

खरं तर द्वारकेत राहून नावाचा एवढा घोळ घालायला नको होता. इथे नावाची अडचणच ठेवलेली नाही, सगळं आकड्यांत आहे. मेट्रोत बसा. द्वारका स्टेशन गेलं की सेक्टर 14, 13, 12, 11, 10, 9, 8 अशी उलटी मोजणी सुरू होते. आता यान उडणार म्हणून माणूस दांडा घट्ट धरतो, तर पुढचं स्टेशन येतं सेक्टर 21. द्वारका स्टेशनच्या अलीकडे एक 'द्वारका मोड़' आहे. पाटीवरचं इंग्रजी 'मोर' वाचून माझी ताई पहिल्यांदा आली तेव्हा खिडकीला नाक लावून पिसारा शोधत होती.

आणि द्वारका हे नावसुद्धा बारशाचंच आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने हे उपनगर वसवायला घेतलं तेव्हा कागदोपत्री ते पप्पनकलां होतं, इथल्या गावावरून. मग कुणीतरी त्याला थेट श्रीकृष्णाच्या राजधानीचं नाव दिलं. ज्याने दिलं त्याला मी मानतो. एवढ्या मोठ्या उपनगराचं बारसं त्याने उरकलं आणि मला वीतभर पिल्लाचं जमेना. मुलगी म्हणाली, "पप्पन गोड आहे की! तेच ठेवू." पण आमच्या इलेक्ट्रिशियनचं नाव पप्पन आहे. गीझर त्याच्या हातात असताना जानेवारीत असा धोका कुणी पत्करत नाही.

मुलीने मग वहीत बेचाळीस नावं लिहून आणली. ऑरिओ, मोका, कुकी, मफिन, वॉफल, ब्राउनी. बायकोने यादी वाचली आणि विचारलं, "हा कुत्रा आहे की बेकरीचं बिल?"

माझ्या आईला वेगळीच चिंता होती. "अरे, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. चार वेद ते. आणि तुम्ही त्याला मफिन म्हणणार?"

"मग आजी, वेदाचंच नाव ठेवू," मुलगी म्हणाली. "अथर्व!"

हा प्रस्ताव एकमताने फेटाळला गेला. आमच्या नात्यात आधीच पाच अथर्व आहेत. लग्नकार्यात 'अथर्व, इकडे ये' म्हटलं की अर्धी पंगत उठते. त्यात सहावा भुंकणारा कशाला?

मुलीने नियमही शोधून काढले होते. नाव दोन अक्षरी हवं, शेवटी स्वर हवा म्हणजे हाक लांबवता येते आणि ते आज्ञेसारखं ऐकू येता कामा नये. 'नो' आहे म्हणून 'जो' नको. 'सिट' आहे म्हणून 'किट्टू' नको. मी म्हटलं, आपण आज्ञाच मराठीत देऊ. भारतात कुत्र्याशी सगळे इंग्रजीत का बोलतात हे मला कधी कळलेलं नाही. आयुष्यात ज्यांनी बँकेतसुद्धा इंग्रजी वापरलेलं नाही ते पार्कात 'कम हिअर, सिट डाउन' करत असतात आणि कुत्रा शुद्ध हरियाणवीत दुर्लक्ष करतो. त्याच रात्री जेवताना मी पिल्लाकडे बघून मोठ्याने "बस!" म्हणालो. पिल्लू बसलं नाही. बायकोने मात्र भात वाढायचा थांबवला. द्वारकेत वीस वर्षं काढल्यावर 'बस'चा एकच अर्थ उरतो.

शेवटी ठरवलं की देश तसा वेश. इथे चालतं तसं सुटसुटीत नाव ठेवावं. लकी, हॅपी, रॉकी, सनी, प्रिन्स. त्यात एकच अडचण निघाली. महाराष्ट्रात जी कुत्र्यांची नावं म्हणून आपण ओळखतो, ती इथे माणसांनी घेतलेली आहेत आणि तीही चांगल्या वजनदार माणसांनी. प्रयोग म्हणून संध्याकाळी पार्कात उभा राहून मी "लकी! लकी!" अशी हाक मारली. चार लकी आले. तीन माणसं होती, एक लॅब्राडॉर. लॅब्राडॉर सगळ्यात शेवटी आला, त्याची खात्री नव्हती.

हॅपी तर आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट, निवृत्त, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्यांना सगळे 'हैपी जी' म्हणतात. आता मी जिन्यात उभा राहून "हॅपी, शी! तोंडातली चप्पल टाक!" असं कोणत्या तोंडाने ओरडू?

सिनेमाकडे वळावं तर तिथेही बोंब. 1985 साली 'तेरी मेहरबानियाँ' आला आणि गल्लोगल्ली मोती झाले. 1994 साली 'हम आपके हैं कौन' आला आणि पांढरा, केसाळ, डोळ्यांत माया असलेला प्रत्येक कुत्रा टफी झाला. तो टफी चिठ्ठी पोचवून लग्न जुळवतो. आमच्याकडे एक दिवस पेपर उचलून आणायला लावला, तर त्याने संपादकीय खाल्लं.

आईने तरी मोत्याचा आग्रह धरला. "साधं, घरगुती नाव. आमच्या वाड्यात तीन मोत्ये होऊन गेले." दोन दिवस ती गॅलरीतून "मोत्या रे, मोत्या!" करत होती. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आंटीजी काळजीच्या चेहऱ्याने वर आल्या. "माताजी को मोतिया हो गया? घबराना मत. मेरी तो दोनों आँखें हो गईं." जाताना त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर दिला आणि पथ्य म्हणून आठवडाभर केस धुवू नका असं बजावलं. आईने मोत्या मागे घेतला.

बायको म्हणाली, "डोळे बघा ना त्याचे, अगदी शर्टाच्या गुंड्या! गुंड्या म्हणू या." मला आवडलं. गार्डलाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला की सातव्या मजल्यावरच्या कुलकर्णीजींनी गुंडा पाळलाय, मुलांना एकटं खाली पाठवू नका. त्या वेळी गुंडा माझ्या मोज्यात झोपला होता. दोन्ही कान धरून त्याचं वजन दीड किलो होतं.

मग माझ्यातला मराठी माणूस जागा झाला. नाव ठेवायचं तर इतिहासातलं! रायगडावर महाराजांच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर वाघ्याचा पुतळा आहे. तो कुत्रा खरोखर होऊन गेला की नाही यावर इतिहासकार आजही एकमेकांवर भुंकतात, पण नाव दणदणीत आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. अशी आपली परंपरा! मी छाती फुगवून पार्कात गेलो आणि हाक दिली, "वाघ्या, इकडे ये!"

बाकावरचे बग्गाजी उठून आले. "जी, कुलकर्णी साहब?"

मी म्हणालो, "आपको नहीं, कुत्ते को."

अशी वाक्यं उच्चारल्यानंतर परत घेता येत नाहीत. बग्गाजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. पार्किंगच्या मीटिंगमध्ये ते माझ्या विरोधात मत देतात आणि देताना माझ्याकडे बघतात.

एव्हाना ही बातमी नाशिकला पोचली होती. ताईचा फोन आला. "नाव ठेवायचा मान आत्याचा असतो, माहीत आहे ना?"

"ताई, तो कुत्रा आहे."

"तुझ्या घरात मुलासारखा वाढतोय ना? मग मी आत्या. तुझ्या मुलीच्या वेळी तुम्ही दोघांनी परस्पर नाव ठरवलंत, मी फक्त कानात सांगायला होते. यावेळी चालायचं नाही."

चौदा वर्षं ही गोष्ट तिने मनात ठेवली होती आणि बाहेर काढायला तिला कुत्रा लागला. तिने काम मेव्हण्यांवर सोपवलं. मेव्हणे संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी दोन दिवसांनी निकाल कळवला, "सारमेय."

"म्हणजे?"

"सरमा ही देवांची कुत्री. तिचा पुत्र सारमेय. महाभारताच्या आदिपर्वातच आहे. सारमेय यज्ञाच्या जागी येतो, जनमेजयाचे भाऊ त्याला विनाकारण मारतात आणि तो रडत आईकडे जातो. मग सरमा थेट जनमेजयाला जाऊन जाब विचारते. सर्व आळींचा न्याय पाच हजार वर्षांपासून तोच आहे."

नाव भारदस्त होतं. मी गॅलरीतून हाक मारून बघितली. "सारमेय! अरे, सरमाच्या बाळा!" समोरच्या ब्लॉकच्या तीन खिडक्या उघडल्या. तिन्हींत शर्माजी होते.

तेव्हा मला द्वारकेचा सिद्धांत सापडला. कुत्र्याचं गोड नाव हे इथे कुणाचं तरी पाळण्यातलं नाव असतं आणि भारदस्त नाव हे कुणाचं तरी आडनाव.

आता फक्त पत्रिका उरली होती. आईने गार्डला बोलावून त्याची जबानी घेतली. पिल्लं कधी झाली? गार्ड म्हणाला, लोहड़ीच्या दोन रात्री आधी, पहाटे चारला, पंपरूमच्या मागे. त्याला लक्षात होतं, कारण त्याचीच गोधडी गेली होती. आईने चष्मा लावला, पंचांग उघडलं, बोटांची पेरं मोजली आणि गंभीर झाली.

"पूर्वाषाढा, प्रथम चरण. अक्षर आलं 'भू'."

घरात शांतता पसरली. पिल्लू रात्रभर तेच तर सांगत होतं.

भू वरून भूषण निघालं, पण आमच्या ऑफिसात माझ्या डोक्यावर बसलेल्या साहेबांचं नाव भूषण आहे. घरी आल्यावर तरी त्याला हाक मारायला नको. भूपेंद्र निघालं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. मुलगी म्हणाली, "नुसतं 'भू' ठेवू. रशियाने नाही का ठेवलं?" तिचं खरं होतं. 3 नोव्हेंबर 1957 ला त्यांनी स्पुतनिक-2 मधून जी कुत्री अंतराळात पाठवली, ती मॉस्कोच्या रस्त्यावरचीच, बेवारशी. आधी तिला कुद्र्याव्का म्हणत, म्हणजे कुरळी. मग लायका म्हणू लागले. लायका म्हणजे भुंकणारी. एवढे मोठे शास्त्रज्ञ, पृथ्वीभोवती फिरवायचं यान तयार केलं, पण कुत्र्याच्या नावापाशी आले आणि 'भू'वरच थांबले. मला जरा बरं वाटलं.

तरी निर्णय होईना. आणि लशीची तारीख आली.

दवाखान्यात गर्दी होती. इथे जनावराच्या कार्डावर मालकाचं आडनाव लावतात. त्यामुळे "ब्रूनो गुप्ता!", "सिंबा त्यागी!" असा पुकारा चालला होता आणि गुप्ता व त्यागी एकमेकांच्या शेपट्या हुंगत होते. आमचा नंबर आला. कंपाउंडरने मान वर न करता विचारलं, "नाम?"

मी माझं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

"आपका नहीं जी. बच्चे का."

मी बायकोकडे वळलो. "अगं, काय सांगू? अजून ठरायचंय."

"भू ठरलं ना?"

"कुठे ठरलं? ठरायचंय म्हणतोय ना मी!"

कंपाउंडरने डोकं हलवलं आणि लिहिलं. पिल्लाला सुई टोचली, कार्डावर लशीचं लेबल चिकटलं, पैसे दिले, निघालो. जाताना कंपाउंडर मला म्हणाला, "सर जी, हिम्मत का नाम रखा है." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

घरी येऊन मुलीने कार्ड मोठ्याने वाचलं.

"नाम: ठर्रा कुलकर्णी. नस्ल: देसी."

आईने विचारलं, "ठर्रा म्हणजे ती हातभट्टीची…?"

हो, तीच. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी द्राक्षासवसुद्धा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेलं नाही. आणि आता आमच्या आडनावाला देसी ठर्रा लागला होता.

मी दुसऱ्या दिवशी कार्ड बदलायला गेलो. कंपाउंडर समजूतदारपणे म्हणाला, "काट-छाँट मत कराओ जी. लाइसेंस में दिक्कत आएगी." आणि इथे मी हरलो. मी सव्वीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. त्यातली निदान वीस मी खाडाखोड झालेले कागद परत पाठवण्यात घालवली आहेत. 'ओव्हररायटिंग मान्य नाही' हा माझ्या आयुष्यातला एकमेव ठाम विचार आहे. त्याच्याशी मी एका कुत्र्यासाठी गद्दारी करू?

दिल्लीत पाळीव कुत्र्याची महापालिकेत नोंदणी करावी लागते. दिल्ली महानगरपालिका कायद्याचं कलम 399. हा कायदाही 1957 चाच. म्हणजे ज्या वर्षी रशियाने कुत्री अंतराळात धाडली, त्याच वर्षी दिल्लीने कुत्र्याची नोंद कशी करायची ते ठरवलं. रेबीजची लस टोचल्याचा दाखला लागतो. त्या दाखल्यावर जे नाव, तेच अर्जावर. मी तीन महिन्यांनी तो अर्ज स्वतःच्या हाताने भरला, ठळक, सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्यात चूक काढायला कुणाला जागाच नव्हती. लायसन्स आलं.

बारसं मात्र झालं. ताईने सोडलं नाही. आईने हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या, कपड्यांची टोपली पाळणा झाली आणि त्यात नव्या टॉवेलवर उत्सवमूर्ती बसली. ताई व्हिडिओ कॉलवर पैठणी नेसून तयार होती. मी फोन पिल्लाच्या कानाशी धरला.

"हं, काय ठरलं शेवटी?" ताईने विचारलं.

मी सांगितलं.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग मागून मेव्हणे हसताना ऐकू आले. तीस वर्षांत मी त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. ताई म्हणाली, "आपल्याकडे कुणी घेत नाही ना रे?"

"नाही गं ताई. कुणीच नाही."

तिने क्षणभर विचार केला. "मग नाव तरी असू दे घरात," असं म्हणून तिने फोनमध्ये "कुर्रर्र" केलं. पिल्लाने नाशिकच्या आत्याचा आवाज लक्षपूर्वक ऐकला आणि फोनचं कव्हर चावलं.

आता घरात आम्ही त्याला ठरू म्हणतो. दोन अक्षरी आहे, शेवटी स्वर आहे आणि द्वारकेत कुणाचंही आडनाव ठरू नाही. पण लांब गेला की ठरूला ऐकू येत नाही, मग पूर्ण नाव घ्यावं लागतं. हिवाळ्याच्या संध्याकाळी पार्कात अंधार पडल्यावर मी "ठर्रा! ओ ठर्रा!" अशी हाक मारतो. दर वेळी झाडामागून दोन अनोळखी इसम येतात आणि आजूबाजूला बघत हळूच विचारतात, "कितने का दे रहे हो?"

ज्यांच्या घरी पिल्लू यायचं आहे त्यांना एवढंच सांगतो. नाव कोणतंही ठेवा, पण दवाखान्यात जायच्या आधी ठेवा. आणि दिल्लीत असाल, तर खिडकीपाशी उभं राहून नवराबायकोने मराठीत चर्चा करू नका.